विद्याताईंच्या दोन जावा

विद्याताई टॅक्स भरायला बसल्या की आधी लॅपटॉपला हळदकुंकू वाहतात आणि शिरा करायला घेतात. रिटर्न गेलं की पहिला चमचा लॅपटॉपसमोर, दुसरा ज्याचं रिटर्न त्याला. शिऱ्यात बेदाणे नसतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "टॅक्सचा शिरा असाच असतो." अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरमधल्या निम्म्या मराठी घरांनी तो मुकाट्यानं खाल्लेला आहे. ताई काही टॅक्सवाल्या नव्हेत. दिवसभर गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतात. पण एप्रिल जवळ आला की त्यांच्या अंगात येतं.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं रिटर्न ही त्यांची थोरली जाऊ आणि मिशिगन राज्याचं ते धाकटी. "आधी थोरलीचं पान वाढायचं, मंदार. धाकटी तिच्या पानात बघूनच जेवते." इतकं सोपं मला कुठल्याही वेबसाइटनं सांगितलेलं नाही.

दुसरं लाडकं वाक्य म्हणजे, "एकतीस डिसेंबरला जे असाल, तेच तुम्ही वर्षभर होतात." त्या दिवशी लग्न झालेलं असलं, की सरकारदरबारी माणूस वर्षभर विवाहित, आणि टॅक्सही कमी. या वाक्यापायी त्यांनी पुण्याला माझ्या आईला परस्पर फोन करून माझं फेब्रुवारीतलं लग्न डिसेंबरात ओढलं. मुहूर्त गुरुजींनी काढला की अमेरिकेच्या सरकारनं, असं आई अजून विचारते.

गेल्या वर्षी ताईंनी घटस्फोटाचा अर्ज केला. त्यांचे यजमान सतीशराव गावातच एका अपार्टमेंटमध्ये राहायला गेले आणि ताईंनी फोनमधलं त्यांचं नाव बदलून 'प्रतिवादी' केलं. बोलतानाही तेच. "प्रतिवादी माझा चांगला कुकर घेऊन गेलाय." कुणी हळहळायला आलं की त्या त्याच्याकडे त्याच्याच पावत्या मागायच्या. माणूस आपोआप पळायचा.

डिसेंबर संपला तरी निकाल लागला नाही. म्हणजे ताई त्यांच्याच नियमानं अजून विवाहित.

"मग दोघांचं मिळून जॉइंट भरून टाका ना," मी म्हटलं.

"वेडा की काय? भांडण चालू असताना जॉइंट सही करायची नसते. त्यानं केलेली चूक माझ्या गळ्यात! सेपरेट भरणार."

पण सेपरेटमध्ये एक मेख असते. एकानं खर्च एकेक मांडून, म्हणजे आयटमाइज करून सूट घेतली, तर दुसऱ्याला सरसकट, म्हणजे स्टँडर्ड सूट मिळत नाही. त्यालाही मांडावंच लागतं. घराच्या कर्जाचं व्याज ताई भरत होत्या, त्यांचा फायदा मांडण्यात होता. भाड्यानं राहणाऱ्या सतीशरावांकडे मांडण्यासारखं काहीच नव्हतं. आता एकमेकांना विचारणं आलं, आणि दोघं तर कित्येक महिने वकिलांमार्फत बोलत होते.

शनिवारी दुपारी, बाहेर एप्रिलातला बर्फ भुरभुरत असताना, ताईंनी माझ्यादेखत फोन लावला. स्पीकरवर. "साक्षीदार असलेला बरा," म्हणाल्या.

"विद्या?"

"टॅक्सचं बोलायचंय. स्टँडर्ड घेतोयस की आयटमाइज करतोयस?"

"मला कुठे कळतं गं त्यातलं? दरवर्षी तूच करतेस. मी अजून लॉगिनसुद्धा केलेलं नाही. तू म्हणशील तसं."

ताईंनी स्क्रीनवरच्या स्वतःच्या फायद्याकडे एकदा बघितलं. "स्टँडर्ड. दोघंही. आता लॅपटॉप उघड आणि मी सांगते तिथे क्लिक कर. तिथे नाही रे! वर, वर!"

तासाभरात वादी आणि प्रतिवादी, दोघांच्याही दोन्ही जावा रवाना झाल्या.

"झालं ना?" सतीशराव म्हणाले. "शिरा केलायस? बिनबेदाण्यांचा?"

ताईंनी फोन बंद केला.

अख्खं ॲन आर्बर इतकी वर्षं सतीशरावांच्या आवडीचा शिरा खात होतं, हे मला तेव्हा कळलं. ते घर सोडून गेले तरी शिऱ्यात बेदाणे आले नव्हते. मला फार वाईट वाटलं.

"ताई, तुमचं नुकसान झालं की."

"माझं मी बघून घेईन." त्यांनी स्टीलचा डबा भरला, झाकण दाबून बसवलं आणि माझ्या हातात दिला. "जाता जाता सतीशला दे. आणि डबा परत द्यायला स्वतः ये म्हणावं. वकिलाबरोबर पाठवू नकोस."