भाईंची वाचता येणारी यंत्रं

मांडवीत यंत्रं पुष्कळांकडे आहेत, पण वाचता येणारी यंत्रं फक्त आमच्या शेजारच्या भाई शिवलकरांकडे. त्यांच्या ड्रिलच्या स्टँडवर 'लग्नपत्रिका मिळतील' असं आहे आणि करवतीच्या टेबलावर 'वेदनारहित उपचार'. दुकानांचे उतरवलेले एसीपीचे बोर्ड, म्हणजे दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये प्लास्टिक, भाई उचलून आणतात आणि त्यातून यंत्रांचे सांगाडे करतात. खाच मागून पाडायची, पुढचा पत्रा शाबूत ठेवून वाकवायचा. त्यामुळे अक्षरं कायम बाहेर.

"लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाय, लाकूड पावसात फुगतं," भाई सांगतात. "आणि सपाट पत्र्यात दम नसतो. वाकवला की उभा ऱ्हातो."

खाच केसभर खोल गेली की पत्रा तुटतो. भाईंची हटकून जाते. तुटक्या तुकड्यांचं त्यांनी परसात खुराडं केलं. कोंबड्या सध्या 'वातानुकूलित हॉल'मध्ये राहतात.

गेल्या वर्षी भाईंच्या बायकोला, आमच्या वहिनींना, अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. स्वयंपाकाला बाई आली. ती खोबरं मिक्सरला लावते आणि वहिनींना हातानं खवलेल्या खोबऱ्याशिवाय जेवण जात नाही. वहिनी ताटावरून अर्धपोटी उठायला लागल्या. तेव्हा भाईंनी नारळ खवायचं यंत्र जाहीर केलं: नारळाची वाटी यंत्र धरणार, दांडा डाव्या हातानं फिरवायचा. आम्ही म्हटलं, झालं, कोंबड्यांना दुसरा मजला. सहा सांगाडे मोडले. प्रत्येक वेळी यंत्र थरथरून नारळ अंगणात फेकायचं. यानं आंबे पाडता येतील, असं मी दोनदा सुचवलं.

परवा सकाळी मी टोमणा तयार ठेवूनच गेलो. भाई पडवीत बसले होते, उजवा हात पंच्यानं कमरेला करकचून बांधलेला. डाव्या हातानं दांडा फिरवत होते. सातवं यंत्र जराही थरथरत नव्हतं, ताटात खोबरं पडत होतं.

"हे काय सोंग, भाई?"

"हळू बोल, ती आत हाय. हात अडला की माझ्यासमोर लाजते, उठून जाते. म्हणून आधी मीच चुकून घेतो. कुठं अडतं ते कळतं."

टोमणा मी गिळला. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात वहिनी पाय ओढत आल्या. ताटातलं खोबरं डाव्या हाताच्या बोटांनी चोळून बघितलं.

"करवंटीपर्यंत खरवडलंत. काळं आलंय सगळं," त्या म्हणाल्या. "सरका तिकडे. दांडा माझ्याकडे द्या."

भाई सरकले, बांधलेल्या हातासकट.