ज्याची नजर, त्याचा हात

एलिसेओ दुपारी चारपासून रडत होता, आणि हे दुखणं नाही, ही नजर आहे, असं त्याची आजी ओब्दुलिया चारपासूनच सांगत होती.

“कुणाची नजर, आई?” मारिक्रूसनं विचारलं. सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये आठ तास उभं राहून आलेल्या मुलीत वाद घालण्यापुरतं जेवढं बळ उरतं, तेवढं तिच्यात होतं.

“डॉक्टरीणबाईंची. काल फोनच्या पडद्यावर बघितलं ना त्यांनी याला? काय म्हणाल्या?”

“घामोळं आहे म्हणाल्या.”

“आणि मग?”

मारिक्रूसनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग डॉक्टर ब्रँडवोल्ड म्हणाल्या होत्या, “अगंबाई, काय डोळे आहेत पोराचे!” आणि फोन बंद.

दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक केलं, की लगेच त्याच्या अंगाला हात लावायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही. त्यांच्या गावाकडे, मिचोआकानात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टर ब्रँडवोल्ड मूळच्या मिनेसोटाच्या, पण अकरा वर्षं सफरचंदांच्या खोऱ्यातल्या या दवाखान्यात काढून त्या आता स्पॅनिशमधून आयांना रागवतसुद्धा असत, आणि कौतुक करता करताच पोराच्या डोक्यावर हलकी टप्पल द्यायला विसरत नसत. पण पडद्यातून हात कसा बाहेर काढणार? बाईंच्या मनात खोट नव्हती, हे ओब्दुलियालाही मान्य होतं. पण नजर दुष्टाचीच लागते असं थोडंच आहे? माया अनावर झाली तरी लागते.

तिनं नजर उतरवायला अंडं घेतलं, पोराच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवलं आणि पेलाभर पाण्यात फोडलं. पहिल्या अंड्यात तिला चक्क डोळा दिसला. दुसऱ्यात मारिक्रूसला फक्त अंडं दिसलं. तिसऱ्यानंतर घरातली अंडी संपली आणि जावयानं नुसत्या घेवड्यावर जेवण भागवलं. एलिसेओनं मात्र सूर सोडला नाही.

सहा वाजता गावाहून ओब्दुलियाच्या नवऱ्याचा, कासिमिरोचा फोन आला. तो रोज सहालाच येई. नवराबायको दोघांनी इकडे यायच्या व्हिसासाठी एकाच दिवशी अर्ज केला होता. तिला मिळाला, त्याला नाही. “साहेबाला माझी मिशी आवडली नसेल,” एवढंच तो म्हणाला होता. तेव्हापासून चार महिने तो रोज हॅट घालून, मिशीला पाणी लावून फोनसमोर बसे आणि अर्धा तास नातवाकडे नुसता बघत राही. बोलत काहीच नसे. ओब्दुलिया पोराला पडद्यापुढे धरून उभी राही, आणि नवऱ्याचं ते बघणं बघून तिचा जीव कासावीस होई.

“का रडतोय?”

“डॉक्टरीणबाईंची नजर लागलीय.”

“त्या बाईला म्हणावं, जरा नीट वाग,” कासिमिरो म्हणाला आणि पुन्हा बघू लागला.

सकाळी ओब्दुलियानं दवाखान्यात फोन लावला. फोनवर वेळा देणारी येसेनिया होती.

“कशासाठी यायचंय, मावशी?”

“डॉक्टरीणबाईंचा हात लावून घ्यायला.”

येसेनियाची आईही तिकडचीच, त्यामुळे ती हसली नाही. पण तिच्या कॉम्प्युटरच्या यादीत ताप होता, खोकला होता, लस होती, हात नव्हता.

“मी ‘अंग तपासणी’ असं लिहिते. खोटंही नाही ते. आज डॉक्टर पार्क्स मोकळे आहेत.”

“त्यांनी याचं कौतुक केलंय?”

“नाही, त्यांनी अजून पाहिलंच नाही त्याला.”

“मग त्यांचा हात काय करायचाय मला? ज्याची नजर, त्याचा हात!”

डॉक्टर ब्रँडवोल्ड त्या दिवशी चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या दवाखान्यात होत्या. मारिक्रूसनं रजा टाकली. चाळीस मैल एलिसेओ रडला आणि चाळीस मैल ओब्दुलिया त्याला समजावत होती, की आलंच हं, आलंच.

वेटिंग रूममध्ये शेजारच्या बाईनं सहज विचारलं, “काय होतंय बाळाला?” ओब्दुलियानं सगळं सांगितलं. ती बाई विचारात पडली.

“माझ्या पोरीलाही बाईंनी मंगळवारी फोनवरच बघितलं. ‘बाहुलीच जशी,’ म्हणाल्या.”

“हात?”

“कसला हात!”

“आमच्या जुळ्यांनाही,” पलीकडची एक घाबरून म्हणाली.

पाच मिनिटांत सर्दीसाठी आलेली, लशीसाठी आलेली, नुसती भावाबरोबर आलेली अशी नऊ पोरं रांगेत उभी राहिली. डॉक्टर ब्रँडवोल्डनी दार उघडलं, रांग बघितली, ओब्दुलियाचं म्हणणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

“चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. “अहो, या फोनच्या तपासणीत माझंही कुठे मन भरतं? या सगळे.” आणि त्यांनी नऊच्या नऊ डोकी थोपटली.

शेवटी खोलीत नेऊन त्यांनी एलिसेओच्या डोक्यावर चांगले दोन्ही हात फिरवले. एलिसेओनं श्वास घेतला आणि आधीपेक्षा मोठ्यानं भोकाड पसरलं.

“मग यांची नजर नाही,” मारिक्रूस म्हणाली. आता तिचाही विश्वास बसत चालला होता. “आई, आणखी कोण बघतं याला?”

ओब्दुलियाला कळलं, आणि कळू नये असं वाटलं.

“तुझे बाबा,” ती हळूच म्हणाली.

“रोज अर्धा तास! तेही डोळ्याची पापणी न हलवता. बस्स, आजपासून सहाचा फोन बंद.”

“अगं, तेवढाच विरंगुळा आहे त्यांना—”

“पोर बरं होईपर्यंत बंद म्हणजे बंद.”

ओब्दुलियाचे डोळे भरून आले. इतक्यात डॉक्टरांनी एलिसेओच्या तोंडात बोट घातलं आणि “आई गं!” म्हणून बाहेर काढलं.

“हा बघा तुमचा गुन्हेगार,” त्या म्हणाल्या. “दात!”

पार्किंगमध्ये येताच ओब्दुलियानं नवऱ्याला फोन लावला. आधी सगळा आरोप सांगितला, मग सुटका.

“सुटलात हो तुम्ही! नजर नव्हतीच. दात येतोय.”

पलीकडे कोंबडा ओरडला.

“कोण म्हणतं?”

“डॉक्टरीणबाई. मी बघितला की, तांदळाच्या कणीएवढा.”

“दात काय, सगळ्यांनाच येतात,” कासिमिरो म्हणाला. “पण रडतोय तो माझ्या नजरेनं.”

“अहो, पण—”

“तू ऐक. मी नुसता बघत नाही त्याला. डोळ्यांनी खातो. असं बघितल्यावर दगडालासुद्धा ताप येईल. माझीच नजर आहे ती. आणि ज्याची नजर, त्याचा हात, हे गावभर कोण सांगतं?”

“मीच.”

“मग घेऊन ये त्याला.”

मारिक्रूस नऊ वर्षांत गावी गेली नव्हती; गेली असती तर कागदपत्रांवाचून तिला परत येता आलं नसतं. आणि सहा महिन्यांचं तान्हं आईपासून तोडून कोण नेणार? हे कासिमिरोलाही चांगलं ठाऊक होतं. ओब्दुलिया फोन कानाला धरून उभी राहिली. त्यानंही फोन ठेवला नाही.

“काय म्हणतात बाबा?” गाडीत बसता बसता मारिक्रूसनं विचारलं.

“चूक त्यांचीच आहे म्हणतात.”

मारिक्रूस चावी हातात घेऊन आईकडे बघतच राहिली. बेचाळीस वर्षांच्या संसारात कासिमिरोनं आपली चूक कबूल केल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तीही न केलेली चूक.