सामाईक मांडव

अपेक्षाचं लग्न ठरल्यापासून वामनराव भोयर रोज सकाळी अंगणातल्या खाटेवर बसून लग्नातली एकेक गोष्ट कमी करत होते. घोडी गेली. फटाके गेले. यवतमाळचं मंगल कार्यालय तर हातातला चहा संपायच्या आधीच गेलं. इंदुताई तुरीच्या शेंगा सोलत निमूट ऐकायच्या. एक दिवस बिछायतवाल्याचं नाव निघालं, तसा त्यांचा हात थांबला.

"आता मांडवही काढता का? मंग पोरीले काय पऱ्हाटीच्या वावरात उभी करता?"

मांडव काढता येत नव्हता, हे वामनरावांनाही कळत होतं. ते कळंबला जाऊन बिछायतवाल्याला भेटून आले होते. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून ते बाहेर आले, गाडीवर बसले आणि गाडी सुरू न करताच बराच वेळ तसेच बसून राहिले. पोरीचं लग्न देखणं व्हावं, असं त्यांनाही वाटत होतं. अपेक्षानं तोंडानं काही मागितलं नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

वाट काढली ती किसनसिंग राठोडांनी. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यात त्यांचं घर. दोघांच्या शेतांचा बांध एकच. त्यांची बबिता आणि अपेक्षा कळंबच्या कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. बबिताचं लग्न सोमवारी होतं, अपेक्षाचं मंगळवारी.

"मांडव एकच घालू," किसनसिंग बांधावर उभे राहून म्हणाले. "शाळेच्या मैदानात. गावालेही जवळ, तांड्यालेही जवळ. सोमवारी माही बेटी, मंगळवारी तुमची. आचारी तोच, भांडे तेच."

वामनरावांना त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. सकाळी उठल्यावर मात्र व्याही आठवले.

मुकुटबनचे मारोतराव म्हणजे शब्दाला जपणारा माणूस. हुंड्याचं नाव त्यांनी काढू दिलं नव्हतं. फक्त साक्षगंधाच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर, गांधी टोपी नीट करत ते एकच बोलले होते, "लग्न लहान असलं तरी चालते. पण आपलं असलं पाह्यजे. उसनं-पासनं आपल्याले जमत नाही." ते वाक्य वामनरावांच्या छातीत रुतून बसलं होतं. दुसऱ्याच्या लग्नातून उरलेल्या मांडवात व्याह्याला बसवायचं, हे त्याला सांगावं कसं? त्यांनी ठरवलं, सांगायचंच नाही. सोमवारचं लग्न सोमवारी आटोपेल, मंगळवारी मांडव आपलाच.

मांडव सजवायचं काम अपेक्षाची धाकटी बहीण सुरभी आणि खुद्द बबितानं अंगावर घेतलं. दोघींनी दोन्ही घरांतली जुनी लुगडी काढली आणि मांडवाला आतून छत म्हणून ताणली. खांबांना पळसाची फुलं बांधली, कपाशीच्या उमललेल्या बोंडांच्या माळा करून कमानीवर सोडल्या. बबिताच्या आईनं, सुखीबाईंनी, आरशा-कवड्यांनी मढवलेली जुनी चादर आणून नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे लावली. दुपारचं ऊन त्या लुगड्यांमधून खाली आलं आणि जमिनीवर हिरवं, जांभळं, कुंकवाच्या रंगाचं पसरलं. वामनराव मांडवात शिरले आणि चप्पल बाहेर काढून यायला हवी होती, असं त्यांना उगाच वाटलं.

त्याच संध्याकाळी किसनसिंग आले. खाटेच्या कडेला बसले, पण पाणी घेतलं नाही.

"वामनराव, नवरदेवाकडून फोन होता. सोमवारी जमत नाही म्हणतात. मंगळवारी करा म्हणतात."

"काहून?"

"गाडीची काहीतरी अडचण हाय म्हणे. इवायाले जास्त खोदून विचारता येते का?"

येत नव्हतं. वामनरावांइतकं ते कोणाला ठाऊक असणार? शेवटी ठरलं ते असं: मंगळवारी सकाळी तांड्याचं लग्न लावायचं, त्यांची पंगत उठवायची, शेणसडा घालायचा, आणि मुकुटबनची मंडळी येईपर्यंत तिथं दुसरं लग्न झालं होतं याची खूणही ठेवायची नाही. किसनसिंगांनी मान हलवली. इंदुताई मात्र नवऱ्याकडे पाठ करून आत गेल्या.

मंगळवार उजाडला. बबिता नटून बसली. तांड्यातल्या बायका गाणी म्हणू लागल्या. आचाऱ्यानं बुंदी पाडली. फक्त नवरदेव आला नाही.

ऊन चढू लागलं. किसनसिंग फोन लावत होते, पण पलीकडे रेंज नव्हती. वामनराव रस्त्याच्या तोंडाशी जात, परत येत, पुन्हा जात. आता दोन्हीकडची वऱ्हाडं एकाच वेळी येणार, हे त्यांना दिसू लागलं. मारोतराव गाडीतून उतरणार, समोर दुसरीच नवरी पाहणार, टोपी नीट करणार आणि गाडी वळवायला सांगणार.

आचारी झारा हातात घेऊन आला. "भाऊ, बुंदी कोणाची समजू? गावाची का तांड्याची?"

"तू कोणाचीच समजू नको! झाकून ठेव!"

मग वामनरावांनी ते केलं, ज्याचं त्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. ते किसनसिंगांना बाजूला घेऊन म्हणाले, "एक करता का जी? तुमची मंडळी थोडा वेळ शाळेच्या खोल्यांत बसवता का? आमचं लग्न लागलं का लगेच..."

किसनसिंग खाली बसले. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

"माही बेटी शाळेत लपून बसन?" ते हळू आवाजात म्हणाले. "वामनराव, तुम्हाले आमची लाज वाटून राह्यली का?"

"तुमची नाही जी!" वामनरावांनी त्यांचा हात धरला. "आईची आन, तुमची नाही. माह्या फाटक्या खिशाची."

"मंग खिसा लपवा ना. आमाले काहून लपवता?"

तेवढ्यात नाल्याच्या वळणावर हॉर्न वाजला आणि धुरळ्यातून एक बस मैदानाकडे येताना दिसली. एकच.

"कोणाची?" इंदुताई ओवाळणीचं ताट घेऊन धावत आल्या.

"कोणाची?" दुसरं ताट घेऊन सुखीबाईही आल्या.

बस थांबली. दार उघडलं आणि मुंडावळ्या सावरत बबिताचा नवरदेव जीवन खाली उतरला. तांड्याच्या बायकांनी गाण्याचा सूर उंच केला. वामनरावांचा जीव भांड्यात पडला. अजून थोडा वेळ मिळाला, तर अजूनही सगळं उरकता येईल! ते पुढे होऊन जीवनला म्हणणार, "चाला लवकर," तेवढ्यात त्याच दारातून कपिल उतरला. मुंडावळ्या बांधलेला, हातात कट्यार घेतलेला, त्यांचा स्वतःचा जावई. आणि त्याच्या मागे, दाराच्या दांड्याला धरून, मारोतराव.

मारोतरावांनी समोरच्या दोन ताटांकडे पाहिलं. वामनरावांनी बसमधून उतरलेल्या दोन नवरदेवांकडे पाहिलं. दोघांचेही चेहरे सारखेच उतरले. गाणं मध्येच थांबलं.

बोलले ते जीवनचे वडील रामलाल. यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "राम राम! रस्त्यात चाक बसलं, म्हणून उशीर झाला. पण मारोतरावांची अक्कल मानली पाह्यजे. ते म्हणे, तुमचा तांडा अन् आमचं मुकुटबन लागून हाय, लग्नही एकाच गावात हाय, मंग दोन गाड्या कायले? तुम्ही सोमवारचं मंगळवारी करा!"

मारोतराव खाली पाहत होते. टोपीकडे गेलेला हात त्यांनी परत घेतला.

"साक्षगंधात मोठं बोलून बसलतो," ते वामनरावांना म्हणाले. "अन् घरी जाऊन गाडीचं भाडं विचारलं. तुम्हाले सांगाची हिंमत नाही झाली जी. गावाबाहेरच उतरून पायी येणार होतो, पण चाक बसलं अन्‌ उशीर झाला. माफी करा."

वामनरावांनी हात लांब करून फक्त मांडवाकडे दाखवलं. दोन घरांच्या लुगड्यांकडे, आरशांच्या चादरीकडे, तिच्यापुढे नटून बसलेल्या बबिताकडे. मारोतरावांनी बराच वेळ पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

"हाही एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच," वामनराव म्हणाले.

अपेक्षाला एकाच बसचं हे आधीच माहीत होतं. कपिलनंच फोनवर सांगितलं होतं. "मंग बोलली काहून नाही?" इंदुताईंनी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "बाबा अन् मामंजी, दोघंही एवढं मन लावून लपवत होते, मले मोडवलं नाही."

लग्नं एकापाठोपाठ एक लागली. अक्षता कोणाच्या अंगावर पडतात, हे कोणी पाहिलं नाही. किसनसिंगांनी वामनरावांच्या पाहुण्यांना आग्रह केला, वामनरावांनी तांड्याच्या पंगतीत स्वतः बुंदी वाढली. किसनसिंगांच्या पानापाशी ते वाकले आणि नको नको म्हणेपर्यंत वाढत राहिले. क्षमा मागायची दुसरी रीत त्यांना सुचली नाही. किसनसिंगांनी पान पूर्ण संपवलं.

ऊन कललं तशी निघायची वेळ झाली. बबितानं आईच्या गळ्यात पडून ढावलो सुरू केला. सासरी निघालेल्या बंजारा मुलीचं ते रडतं गाणं. त्यातला शब्द न शब्द कळत नसतानाही इंदुताई रडल्या, अपेक्षा रडली, आणि वामनरावांनी तोंड फिरवून बसच्या चाकाकडे पाहिलं. दोन नवऱ्या, दोन आलमाऱ्या, दोन्हीकडच्या बायका आणि लेकरं आत बसल्यावर ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "आता मुंगीही मावत नाही." दोन माणसं उरली होती. मारोतराव आणि रामलाल. बायकांना उतरवणार कोण? बस गेली, आणि दोन्ही वरबाप धुरळ्यात उभे राहिले. सकाळच्या एसटीशिवाय त्यांना गती नव्हती.

बिछायतवाल्याचा ट्रॅक्टर यायचा होता. वामनराव सतरंज्यांच्या घड्या घालू लागले. एका सतरंजीचं दुसरं टोक कोणीतरी उचललं. पाहतात तर मारोतराव, टोपी खिशात घातलेली.

"ठेवा जी! तुम्ही इवाई माणूस. तुम्ही खाटेवर बसा."

"धरा तिकडून," मारोतराव म्हणाले. "बिछायतवाल्यानं उद्याचंही भाडं लावलं म्हणजे?"

वामनरावांनी टोक धरलं. दोघांनी सतरंजी झटकली, ताणली, आणि घडी जुळवायला एकमेकांच्या दिशेनं चालत आले.