बे. ४० मि.

ट्रे ओव्हनमध्ये जात नव्हता.

बाबांनी तो आडवा घालून पाहिला, उभा घालून पाहिला. तिरका घातला, तेव्हा ओव्हनचं दार उघडंच राहिलं. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती आणि दोनच महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले होते. एखादी गोष्ट जमत नसली की ते चिडत नसत, ती मोजत. त्यांनी टेप काढली.

"ओव्हन आतून अडतीस सेंटीमीटर. ट्रे बावन्न."

"म्हणजे आई ह्यात करत नव्हती," मुलगी म्हणाली. ती नुकतीच रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी आली होती आणि सरळ निष्कर्षावर जायची तिला सवय लागली होती.

"ह्यातच करायची. दर वर्षी. मी खाल्लीत ना!"

"खाल्लीत हो. करताना कधी बघितलंत?"

"मी ऑफिसात असायचो," बाबा म्हणाले आणि टेप सर्रकन आत गेली.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. ती ज्या वाचनालयात काम करायची, तिथे वर्षातून एकदा सगळे वाचक जमून पुस्तकांवरची धूळ झटकत आणि पाच वाजता आईची भाजलेली हॅम-चीज सँडविचेस खात. यंदा तिथून फोन आला, "खायचं आम्ही बाहेरून मागवतो, तुम्ही नुसते या." बाबांनी ऐकूनच घेतलं नाही. "साठ सँडविच. तिच्यासारखीच," असं सांगून मोकळे झाले. पाणी तापवण्यापलीकडे त्यांनी स्वयंपाकघरात आयुष्यात काही केलं नव्हतं. पण गेले आठ महिने कुणाकडचंही काही खाल्लं, की ते "चांगलंय" म्हणत आणि मनात त्या सँडविचची कड शोधत बसत. कुरकुरीत कड, तिच्यावर खसखस, आणि खाली ओघळून पुन्हा घट्ट झालेलं चीज.

आईची वही सापडली हे नशीब. मुलीने मोठ्याने वाचलं, "साठ सँडविच. हॅम पातळ, दुहेरी. चीज सढळ. वरून लोणी, मोहरी, खसखस अंदाजे. च. विसरू नये. पाणी बरोबर ठेवावं. बे. ४० मि. घाई नाही."

"अंदाजे!" बाबा म्हणाले. "मी जन्मभर अंदाजे मापणाऱ्यांवर खटले भरले आणि ही घरात बसून..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "हे च. काय?"

"चीज."

"ते तर वर आलंय."

"म्हणून तर 'विसरू नये'. परत एकदा घालायचं."

"आणि पाणी?"

"ओव्हनमध्ये ठेवायचं. वाफ होते, पाव कोरडा पडत नाही. आणि बे. म्हणजे बेक, त्यात काही शंकाच नाही."

"चाळीस मिनिटं जास्त नाही होत?"

"बाबा, तिने लिहिलंय."

दोघांनी दुप्पट चीज घालून साठ सँडविच भरली आणि मुलीच्या आग्रहावरून छोट्या ट्रेमध्ये आधी पंधराच नमुन्यादाखल भाजायला घेतली. ओव्हन रिकामा करताना त्यातून सात झाकणं, एक चाळणी आणि तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर निघालं. वायर गुंडाळून तिला रबरबँड लावलेला होता. ही सगळी निरीक्षणं मुलीने केली, फक्त नोंदवली नाहीत.

अठराव्या मिनिटाला चीज ट्रेबाहेर निघालं. चोविसाव्या मिनिटाला धूर आला.

"काढूया?" मुलीने विचारलं.

"अजून सोळा आहेत," घड्याळ हातात धरून बाबा म्हणाले. "घाई नाही, असं लिहिलंय."

तिसाव्या मिनिटाला शेजारच्या काकू पाण्याची बादली घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या. ओव्हनचं दार उघडलं तर सँडविचेस वरून कोळसा आणि खालून लगदा.

"एकाच वेळी करपलंय आणि भिजलंय," मुलगी पुटपुटली. "शास्त्राच्या दृष्टीने हे अवघड आहे."

"अवघड कसलं? आमच्या सूनबाईंना रोज जमतं," काकू म्हणाल्या. मग ओव्हनकडे बघून त्यांनी बादली खाली ठेवली. "अहो, पण ह्याचा दिवा लागलेला मी आज पहिल्यांदा बघतेय!"

"मग ती कुठे भाजायची?" बाबांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? दर वर्षी दुपारी तो मोठा ट्रे घेऊन जिना उतरायची. मी म्हणायचे, स्वारी कुठे निघाली? तर नुसती हसायची. आणि मग कोपऱ्यावरच्या बेकरीकडे वळायची."

मुलीने कपाळावर हात मारला. "बे. म्हणजे बेकरी!"

उरलेली पंचेचाळीस सँडविच मोठ्या ट्रेमध्ये बसली आणि बरोबर पंधरांची जागा रिकामी राहिली. ट्रेची दोन टोकं दोघांनी धरली. साडेचारला त्यांनी तो बेकरीच्या फळीवर ठेवला. पत्रा खणकन वाजला. भट्टीपाशी पाठमोरा उभा असलेला बेकरीवाला मागे न वळताच म्हणाला, "आलात ताई? यंदा उशीर केलात."

मग तो वळला. दोघांचे चेहरे बघून त्याने हातातला पाव खाली ठेवला.

"कधी?"

"आठ महिने झाले," बाबा म्हणाले.

बेकरीवाल्याने हात पुसले, ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि भट्टीत सारला. बाबांनी वही पुढे केली.

"चाळीस मिनिटं."

"बारा."

"इथे लिहिलंय. बे. चाळीस मिनिटं."

"साहेब, चाळीस मिनिटं ठेवलं तर त्याचं काय होईल माहितीय का?"

"माहितीय," दोघं एकदम म्हणाली.

बेकरीवाल्याने चष्म्यातून ती ओळ वाचली आणि हसू दाबत खिडकीकडे बोट केलं. खिडकीखाली पिठाने पांढरा झालेला एक बेंच होता.

"तो बेंच. बाराव्या मिनिटाला मी म्हणायचो, ताई, झालं. त्या म्हणायच्या, झाकून ठेवा, एवढं प्रकरण संपू दे. पाण्याची बाटली बाजूला, पुस्तक मांडीवर. चाळीस मिनिटं जागच्या हलायच्या नाहीत. एका वर्षी चष्मा विसरल्या, तर माझा मागून घेतला. मी तोवर चाचपून बिस्किटं भरली."

"च.," मुलगी म्हणाली. मग तिने हळूच सांगितलं, "आम्ही चीज दुप्पट घातलंय."

"ते दिसलंच मला. खाली कागद घातलाय."

बाबा बेंचकडे बघत होते. "पण वाचायला तिला आख्खं वाचनालय होतं की!"

"मीही हेच विचारलं होतं. तर म्हणाल्या, तिथे लोक पुस्तक मागतात. आणि घरी विचारतात, किती वेळ लागेल?"

"मी विचारायचो," बाबा म्हणाले. "पण सहज विचारायचो."

बाराव्या मिनिटाला ट्रे बाहेर आला. बेकरीवाल्याने कोपऱ्यातलं एक सँडविच कागदावर काढून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी आधी कड खाल्ली. डोळे मिटून खाल्ली.

"मोहरी जास्त झालीय," ते म्हणाले. "तिचीही व्हायची."

"बाबा, चला आता. पाच वाजत आलेत, सगळे वाट बघत असतील."

बाबा खिडकीपाशी गेले, हाताने पीठ झटकलं आणि बेंचवर बसले.

"अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत," ते म्हणाले.

त्यांनी वही पहिल्या पानापासून उघडली. जवळ धरली, लांब धरली, मग हात पूर्ण ताणून धरली. च. घरी राहिला होता. बेकरीवाल्याने आपला काढून त्यांच्या हातात ठेवला, ट्रेवर फडकं घातलं आणि बिस्किटं चाचपायला घेतली.

एवढ्यात मुलीचा फोन वाजला. वाचनालयातून होता.

"अगं, निघालात का? किती वेळ लागेल?"

मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बेंचकडे पाहिलं. बाबांनी पान उलटलं होतं आणि कशालातरी एकटेच हसत होते.

"अंदाजे," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.