जानरावची रिकामी चिमूट

"हात तं मी सकाळीच धुतले न बाप्पा!" असं वॉर्डबॉय जानराव पुन्हा म्हणाला, तेव्हा पुष्पांजली सिस्टरला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण मग तोही परत धुवावा लागला असता.

मलकापूर रस्त्यावरच्या त्या छोट्या दवाखान्यात गेल्या महिन्यात दोन बाळंतिणींचे टाके पिकले होते. आता खाटेवर शाइस्ता होती, कालच सिझर झालेली. हिच्या टाक्यांना काही होऊ द्यायचं नाही, असा सिस्टरने चंगच बांधला होता. तिने भिंतीवर हात धुण्याची चित्रं लावली, खाटेखाटेला हातावर चोळायच्या औषधाची बाटली टांगली. लोक चित्रांकडे भक्तिभावाने बघत आणि पुढे जात.

"जानरावभाऊ, बोटांच्या फटीत चोळा, अंगठा फिरवा, नखं तळव्यावर घासा!"

"मले नाही जमत सिस्टर. माह्या हाताले तसं वळणच नाही."

"वळण नाही? दिवसभर तंबाखू मळून राह्यले, तेव्हा कुठून येते वळण? तसंच मळा!"

जानरावचा चेहरा उजळला. त्याने तळव्यावर औषध घेतलं आणि असं मळलं, की अंगठा, फटी, नखं, काही सुटलं नाही. दुपारपर्यंत सगळा वॉर्ड मळू लागला. सिस्टर खूश झाली, पण घडीभरच. मळून झालं की जो तो तळव्यावर थाप मारी, फुंकर घाली आणि रिकामी चिमूट ओठाखाली सारी.

"अहो, तोंडात काऊन घालता?" सिस्टर किंचाळली.

"थापटलं की हात आपोआपच जाते न," जानराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून तपासणीचे साहेब आले. जानरावने शाइस्ताच्या खाटेजवळ हात मळून दाखवले. साहेब थक्क झाले. "वा! असे हात मी कुठंच पाहिले नाहीत!" सिस्टरने डोळे वटारले, तरी थाप पडायची ती पडलीच.

थापेसरशी साहेबांचा हात पुढे आला. जानरावच्या कोऱ्या तळव्यावरून त्यांनी सफाईने चिमूट उचलली, ओठाखाली ठेवली आणि त्याच बोटांनी शाइस्ताची पट्टी बघायला ते वाकले.

शेरा, बदली, सगळं सिस्टरच्या डोक्यात येऊन गेलं. तरी ती आडवी उभी राहिली. "साहेब, हात!"

साहेबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. ओशाळून त्यांनी बाटली दाबली आणि मळायला लागले. छान मळत होते. शेवटी त्यांचा तळवा वर उचलला गेला, तसा जानराव जिवाच्या आकांताने ओरडला, "साहेब, थापटू नका! नाहीतं पुन्हा पह्यल्यापासून करा लागन!"