कन्व्हर्टर बघण्याचा कार्यक्रम

माझ्या आवाजाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही. लोकच बोलतात! नाशिक रोडला आमच्या कॉलनीत जयंतीचा कार्यक्रम असो की कोणाच्या बाळाचं नामकरण, माइक धम्मपालच्याच हातात. ऑफिसात साहेबसुद्धा परिपत्रक वाचून दाखवायला मलाच बोलावतात. त्यामुळे त्रिरश्मी लेण्यांची माहिती हेडफोनवर ऐकवणाऱ्या एका संस्थेला मराठी आवाज हवाय असं कळलं, तेव्हा मला वाटलं, निवड झालेलीच आहे, फक्त त्यांनी मला कळवायचं राहिलंय!

पण यात माझ्यापेक्षा जास्त जीव अडकला होता तो अण्णांचा. माझे वडील सहादू अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. मी लहान असताना बुद्धपौर्णिमेला मला खांद्यावर घेऊन ते लेण्यांच्या सगळ्या पायऱ्या चढायचे. आता गुडघ्यांनी दगा दिलाय. "मला काय वर जाता येत नाही आता," ते म्हणाले, "पण तुझा आवाज तर जाईल!" मग कळलं, की हे त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगून टाकलंय. आता माघार नव्हती!

घरीच नमुना रेकॉर्ड करून रविवारी संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. माइक होता. पण इंटरनेटवरचा प्रत्येक माणूस ओरडून सांगत होता, की मध्ये कन्व्हर्टर पाहिजेच. कन्व्हर्टर म्हणजे एक डबा. माइकमधला आवाज त्यात जातो आणि लॅपटॉपला समजेल असा होऊन बाहेर पडतो. इथवर मला समजलं. पुढे चोवीस बिट, प्रीअँप, फँटम पॉवर! जितकं वाचत गेलो तितकं कमी समजत गेलं. शेवटी अशी अवस्था झाली, की बायको चैतालीने "चहा घेणार का?" विचारलं तरी मी म्हणायचो, "किती बिटचा?"

मग मी सरळ तीन डबे घरी आणले. लाल डबा ऑफिसातल्या वाल्मीकचा. तो भीमगीतांच्या पार्टीत गातो. काळा दुकानातून, 'नाही आवडला तर परत' या बोलीवर. आणि चंदेरी रंगनाथकाकांचा. रंगनाथकाका म्हणजे कॉलनीतल्या समस्त कार्यक्रमांचे साउंडवाले. आवाजाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा! जन्मभर कर्ण्याशेजारी उभं राहून त्यांना जरा कमी ऐकू येतं, एवढंच.

आता स्थळ पसंत करायचं तर ते एकट्याने करतात का? रविवारी सकाळी मी बैठकच बोलावली. अण्णा, आई, रंगनाथकाका सोफ्यावर. चैतालीने रीतीप्रमाणे पोहे केले.

"एकेक दाखव," अण्णा म्हणाले. मग एका डब्यावरचं बटण वाचून त्यांचा चेहरा पडला. "अठ्ठेचाळीसच व्होल्ट? ह्यॅ! लाव बिनधास्त हात."

मी टेबलावर लॅपटॉप, डबा आणि माइक मांडला. "पाहुणेहो, आपण आता चैत्यगृहासमोर उभे आहोत," हे एकच वाक्य तिन्ही डब्यांतून रेकॉर्ड केलं आणि ऐकवलं.

"लाल डब्यात तुला सर्दी झाल्यासारखी वाटते," आई म्हणाली.

"काळ्यात बास आहे," रंगनाथकाका डोळे मिटून म्हणाले, "पण माया नाही!"

"काळा दणकट आहे, वजन बघा," अण्णा म्हणाले.

"मला चंदेरी आवडला," चैताली म्हणाली. "आवाज कसा मोकळा येतो."

"हो, चंदेरीच!" आईने री ओढली. "घरंदाज वाटतो."

आणि खरं सांगतो मंडळी, मलाही फरक स्वच्छ ऐकू येत होता! चंदेरी डब्यातल्या 'चैत्यगृहा'ने तर माझ्या अंगावर काटा आला. चंदेरी पसंत!

आता शेवटचं रेकॉर्डिंग. इंटरनेटचा हुकूम होता, की लॅपटॉपच्या पंख्याची घरघर येते, त्याला माइकपासून लांब ठेवा. मी झोपायच्या खोलीत कपाटाला सगळ्या गोधड्या टांगून आत माइक आणि डबा घेऊन बसलो. लॅपटॉप ठेवला स्वयंपाकघरात, ओट्यावर, मध्ये लांबलचक वायर.

"मग आम्ही गप्प बसायचं का?" आईने विचारलं.

"अजिबात नाही! तुमचं चालू द्या. हा डबा फक्त माझाच आवाज घेतो!"

डब्यालाच हेडफोन लावायची सोय होती. मी बोलत होतो आणि माझा आवाज माझ्याच कानात असा काही घुमत होता, की मीच माझ्या प्रेमात पडलो. सगळं वाचून घामाघूम होऊन बाहेर आलो आणि फाईल थेट संस्थेला पाठवून दिली. पुन्हा ऐकायची काय गरज? आत्ताच तर ऐकला होता की!

जेवणं झाल्यावर अण्णा म्हणाले, "आता आम्हालाही ऐकव." रंगनाथकाका आपला मोठा स्पीकर घेऊनच आले. अण्णा काठी बाजूला ठेवून ताठ बसले. मी बटण दाबलं.

पहिली आली ती कुकरची शिट्टी. मग आईचा आवाज, अगदी कानाशी बसल्यासारखा!

"चैताली, खरं सांग, तुला काही फरक कळला?"

"कसला फरक आई? तिन्ही सारखेच! मला धुणं वाळत घालायचं होतं. शेवटच्याला हो म्हटलं की सुटले."

"मीपण तेच केलं गं! आणि रंगनाथभाऊ बघितलेस का? मान डोलवत होते तेव्हा याने आवाज लावलेलासुद्धा नव्हता!"

आणि या सगळ्याच्या मागे, विहिरीच्या तळातून आवाज यावा तसं कोणीतरी पुटपुटत होतं, "...हेहो, आपण आता..."

"काय म्हणाल्या वहिनी?" रंगनाथकाकांनी विचारलं.

"बास छान आहे म्हणाल्या!" चैताली घाईने म्हणाली.

मी लॅपटॉपवर झडप घातली. सेटिंग उघडली. रेकॉर्डिंगसाठी निवडलेला होता लॅपटॉपचा स्वतःचाच माइक! सकाळपासून तोच! लाल, काळा, चंदेरी, एकाही डब्याचा आवाज लॅपटॉपने घेतलाच नव्हता. हेडफोनमध्ये मला जे ऐकू येत होतं ते डब्यातून परस्पर कानात. तीन स्थळं बघितली आणि तिन्ही वेळा बोलला तो घरातलाच माइक! मग माझ्या अंगावर काटा कशाने आला होता? मला अजून कळलेलं नाही.

"पाठवलंस का हे?" अण्णांनी हळूच विचारलं. मी होकाराची मान हलवली. त्यांनी काठी पुन्हा हातात घेतली. त्यांच्याकडे बघवेना मला, इतकं वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. संस्थेच्या ज्योत्स्ना मॅडम! "स्पीकरवर लाव," अण्णा म्हणाले. जे काय व्हायचं ते सगळ्यांसमोर.

"नमुना मिळाला," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही बायकांचे आवाज काय स्वच्छ आलेत हो! कुठला कन्व्हर्टर वापरता?"

"चं... चंदेरी," मी कसंबसं म्हणालो. रंगनाथकाकांनी मात्र हे बरोबर ऐकलं. त्यांची छाती फुगली.

"पण चुकून घरातलीच फाईल आली वाटतं. हरकत नाही, तुमची उद्यापर्यंत पाठवा."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. माझाही जीव भांड्यात पडला.

"फक्त एक करा," मॅडम पुढे म्हणाल्या. "त्यात मागे लांबून कोणीतरी गृहस्थ सारखे बडबडतायत. फार त्रास होतो ऐकताना. रेकॉर्डिंगपुरतं तेवढं त्यांना गप्प बसवता येईल का?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा फोनवर वाकले.

"बसवतो मॅडम, बसवतो! आमच्याच घरातला आहे!"