पेटीतलं वायफाय

एका जंगलात, बाळांनो, वाघाचंच राज्य होतं, पण त्याच्या डरकाळ्या आता मोबाईलवर यायच्या.

त्या जंगलात काटेराव नावाचे एक साळिंदर गृहस्थ बायकोबरोबर बिळात राहत. फार जपणारे! त्यांच्या सोफ्यावर चादर होती आणि चादरीवर प्लास्टिक. साळिंदरच ते. बसलं की प्लास्टिक टराटरा फाटायचं. काटेराव लगेच नवं घालायचे. सोफ्याचा रंग कोणता, हे घरात कोणालाच आठवत नव्हतं.

त्यांची मुलगी शलाका नदीपलीकडच्या जंगलात दिली होती. तिला मुलगी झाली. बारसं ठरलं आणि नदीला पूर आला.

"आई, रडू नकोस," शलाका फोनवर म्हणाली. "घरी वायफाय घ्या. पाळणा इथून दाखवते."

काटेवहिनींनी अजून नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांनी हट्ट धरला आणि वायफायचा डबा आला. त्याच्यावर हिरवा दिवा लुकलुकू लागला. वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

काटेरावांनी पत्र्याची पेटी आणली.

"अहो, हे काय करताय?"

"धूळ बसेल. कोरी वस्तू आहे, कोरी राहू दे."

वायरीपुरतं भोक पाडून त्यांनी डबा पेटीत ठेवला. वर शालीची घडी घातली. कुलूप लावलं आणि किल्ली मानेवरच्या काट्यात अडकवली.

शलाकाने फोन करून पाहिला. वहिनींना नातीचा एक कान दिसला, तोही चौकोनी.

"आई, ऐकू येतंय का?"

"कान दिसतोय गं! तुझ्यासारखाच आहे!"

मग कान गेला. नुसतं एक चक्र फिरत राहिलं.

काटेरावांनी कंपनीत तक्रार केली. तिकडून कोल्हेसाहेब आले.

"डबा कुठे आहे?"

"सुरक्षित आहे," काटेराव अभिमानाने म्हणाले.

कोल्ह्याने पेटीकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं. पण बाळांनो, त्याला पगार समजण्याचा नव्हता, विकण्याचा होता.

"काका, तुमचं बीळ खोल आहे. मोठा डबा घ्या. चार शिंगांचा."

काटेरावांनी चार शिंगांचा डबा घेतला आणि त्याच्यासाठी मोठी पेटी आणली.

बारशाचा दिवस उजाडला. वहिनी जरीचं लुगडं नेसून मोबाईलसमोर बसल्या. पाळणा दिसला. पाळण्यावरचं खेळणं दिसलं. बाळाला घेऊन कोणीतरी वाकलं आणि चित्र गोठलं.

"अहो, पेटी उघडा!"

"थांब, येईल आपोआप."

"नाव ठेवताहेत तिकडे! उघडा म्हणते ना!"

"अगं, शिंगं वाकतील. इतकी महागाची वस्तू!"

वहिनींच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. लुगडं सतरा ठिकाणी फाटलं. त्या मोबाईल घेऊन तशाच बाहेर पडल्या.

शेजारी लंबकर्णे वहिनींचं घर होतं. ससेच ते, घरभर पोरं. त्यांचा डबा उंबऱ्याजवळ खिळ्याला टांगलेला. एका पोराने त्याला दात लावले होते, दुसऱ्याने वर मोजे वाळत घातले होते.

"या काटेवहिनी! पासवर्ड गाजर. जरा जपून टेका हं, पोरं आहेत."

चित्र लख्ख आलं. आत्या बाळाच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र!" आणि बाळ जागं झालं. एवढंसं नाक, मऊ मऊ काटे. ते थेट मोबाईलमध्ये बघून हसलं.

वहिनी रडल्या. लंबकर्णे वहिनी रडल्या. कारण न कळता अकरा पोरंही रडली.

मागून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. काटेराव होते. कधी आले, कोणी पाहिलं नव्हतं.

"जरा इकडे धर गं," ते म्हणाले. "आजोबालाही दिसू दे."

बारसं संपेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग डोळे पुसून त्यांनी खिळ्यावरच्या डब्याकडे पाहिलं. त्यांना राहवेना.

"लंबकर्णे वहिनी, रागावू नका. पण डबा असा उघड्यावर ठेवू नये. कोणीही येऊन फुकट वापरतं."

तात्पर्य : वस्तू कुलपात ठेवली की जन्मभर नवी राहते. वापरायला शेजाऱ्यांची असतेच.